चार स्नो डे झाले आणि इंग्लिश टूची फायनल तोंडावर आलीये, तयारी कशी करून घ्यावी?

अबोली_के | गुरुवार, संध्या. ६:४०

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला. लेक दहावीत आहे, शाळा ब्लॉक शेड्यूलची, म्हणजे वर्षाचा विषय एकाच सेमिस्टरमध्ये, त्यामुळे इंग्लिश टू (दहावीचं इंग्रजी) याच सेमिस्टरला संपतंय आणि पुढच्या आठवड्यात ईओसी, म्हणजे राज्याची एंड-ऑफ-कोर्स परीक्षा आहे. म्हणजे होती, आता काय ते कळत नाहीये. सोमवारी स्नो पडला, जेमतेम तीन इंच, मंगळवारी लख्ख ऊन पडलं म्हणून वाटलं उद्या शाळा, तर रात्री सगळं परत गोठलं आणि सकाळी पाचला फोन वाजला की आजही बंद. आज चौथा दिवस. उद्याचा मेसेज अजून यायचाय.

वर्गात शेक्सपियरचं मॅकबेथ चालू होतं. तिसरा अंक झालाय, चौथा पाचवा राहिलाय आणि त्याच्यावरचा निबंध वर्गातच लिहून घेणार होत्या टीचर. काल मी तिला म्हटलं बस आणि उरलेलं नाटक वाचून काढ, तर दोन तासांत सहा पानं झाली आणि शेवटी डोळ्यांत पाणी. मी स्वतः मराठी मीडियमची, ऑफिसात दिवसभर इंग्रजीच बोलते पण हे इंग्रजी मला शिकवता येत नाही. हिला इंग्लिशमध्ये ए हवाय, आत्तापर्यंत ९२ आहेत. नाटक संपवायला लावू, का प्रॅक्टिस टेस्ट करून घेऊ, का नुसतं शांत बसू देऊ? कोणाची मुलं यातून गेली असतील तर सांगा प्लीज.

---

रानवारा | गुरुवार, संध्या. ७:१५

अबोली, आधी एक गणित सांगतो म्हणजे रात्री झोप लागेल. आपल्याकडे ईओसी फायनल ग्रेडच्या किमान २० टक्के धरतात. आमच्या शाळेत दोन क्वार्टर चाळीस-चाळीस टक्के आणि परीक्षा वीस असं होतं, तुमच्याकडेही तसंच असेल तर ९२ चे ८० टक्के ७३.६ होतात. एसाठी ९० लागतात, म्हणजे परीक्षेतून १६.४ हवेत, म्हणजे ८२ मार्क. हातात ९२ असलेल्या मुलीला ८२ अवघड नाहीत. हे कागदावर तिच्यासमोर बसून मांडा, मुलांच्या मनात नुसतं "फायनल" असं मोठं काहीतरी असतं, आकडा दिसला की ते आटोक्यात येतं. माझ्या मुलाच्या वेळी मी हे केलं नाही आणि तो आठवडा त्याने आणि आम्ही फार वाईट काढला, अजून मनाला लागतं.

दुसरं, ब्लॉकमध्ये एक दिवस बुडला की तो एक दिवस नसतो. रोजचा तास दीड तासाचा, वर्षाचं पोर्शन ९० दिवसांत. चार दिवस गेले म्हणजे सहा तास गेले, वर्षभर चालणाऱ्या वर्गाच्या हिशोबात आठ दिवस. त्यामुळे तिला मागे पडल्यासारखं वाटतंय ते खरंच आहे, "काही नाही होत" असं म्हणून उडवू नका.

---

अबोली_के | गुरुवार, संध्या. ७:३२

रानवारा, मनापासून आभार, ८२ हा आकडा मी आत्ताच तिला सांगून आले. "फक्त ८२?" म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा चेहरा जरा मोकळा दिसला. पण एक विचारते, हे बुडलेले दिवस शाळा परीक्षेच्या आधी भरून काढणार ना?

---

रानवारा | गुरुवार, संध्या. ७:५०

त्याची खात्री धरू नका. आपल्या राज्यात शाळांना १८५ दिवस किंवा १,०२५ तास असा पर्याय आहे. तासांवर चालणारे डिस्ट्रिक्ट रोज थोडी जास्त मिनिटं शिकवून शिल्लक ठेवतात, मग ती शिल्लक अशा दिवसांत वापरतात आणि भरपाईचा दिवस लागतच नाही. कधी टीचर वर्कडे, म्हणजे मुलांना सुट्टी आणि फक्त शिक्षकांचं काम असतं तो दिवस, शाळेचा करतात, कधी शनिवार. पण तो फेब्रुवारीत नाहीतर मार्चमध्ये पण लावू शकतात, तेव्हा तुमच्या लेकीचा इंग्लिशचा वर्ग संपून दुसरा विषय सुरू झालेला असेल.

परीक्षेची तारीख मात्र बहुतेक सरकते, आमच्या वेळी बंद दिवस जेवढे तेवढी पुढे गेली होती. मुळात ही वेळ येते त्याचं कारण आपलं कॅलेंडर. कायद्याने शाळा २६ ऑगस्टच्या जवळच्या सोमवारच्या आधी सुरू करता येत नाही, म्हणून पहिलं सेमिस्टर ख्रिसमसच्या आत बसत नाही आणि परीक्षा जानेवारीत येतात, नेमक्या स्नोच्या तोंडावर.

---

नवी_पहाट | गुरुवार, रात्री ८:०५

आम्ही ऑगस्टमध्येच आलोय इथे, म्हणून विचारते, तीन इंचाला चार दिवस बंद कसं काय? मिनेसोटात नणंद आहे, तिकडे एवढ्यावर शाळेला उशीरसुद्धा होत नाही म्हणते.

---

रानवारा | गुरुवार, रात्री ८:२०

तिकडे रोजचंच आहे ते, त्यांच्याकडे स्नो बाजूला सारणाऱ्या प्लाऊ गाड्या भरपूर. आपल्या शेजारच्या रालेला वर्षभरात सरासरी पाचेक इंच पडतो, त्यासाठी तेवढी यंत्रणा कोण ठेवणार. मेन रोडवर आधी मिठाचं पाणी मारतात, ते मोकळे होतात, पण बस जाते ती आतल्या गल्ल्यांतून आणि गावाबाहेरच्या रस्त्यांवरून, जिथे झाडांच्या सावलीत दिवसा वितळलेलं पाणी रात्री काळ्या काचेसारखं गोठतं. ब्लॅक आइस म्हणतात ते हेच, दिसतच नाही. जानेवारी २००५ मध्ये इथे एक इंच स्नोने सगळं शहर रस्त्यावर अडकलं होतं, कितीतरी मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली. ज्यांनी ते पाहिलंय ते शाळा बंद ठेवली म्हणून तक्रार करत नाहीत.

---

काजवा | गुरुवार, रात्री ९:१०

अबोलीताई, मी इथल्याच एका हायस्कूलला इंग्लिश शिकवते, इंग्लिश टू पण शिकवलंय. जरा मोठं लिहिते, कारण दर वेळी स्नो पडला की पालकांच्या मेल्स येतात आणि सगळ्यांचा एकच गोंधळ असतो, तो तुमचाही झालाय.

ईओसीत मॅकबेथवर प्रश्न येणार नाहीत. ती परीक्षा न पाहिलेल्या उताऱ्यांची आहे. कथेचा तुकडा, माहितीपर लेख, कविता असं काहीही समोर येतं आणि त्यावर प्रश्न. म्हणजे तुमच्या लेकीने दोन अंक वाचले नाहीत म्हणून ईओसीचे मार्क जाणार नाहीत. निबंध हे टीचरचं काम, तो क्वार्टरच्या मार्कांत जातो. या दोन गोष्टी घरात एकाच ढिगात पडल्यात, त्या आधी वेगळ्या करा. आणि आजच टीचरना दोन ओळींची मेल टाकायला सांगा, मुलीलाच टाकू दे, तुम्ही नको: निबंध होणार आहे का, झाला तर किती अंकांवर. आम्ही टीचर पण घरीच असतो हो या दिवसांत, आणि पोर्शन कापायचा विचारच करत बसलेलो असतो. मी स्वतः अशा वेळी निबंधाचा प्रश्न बदलून झालेल्या भागापुरता करते.

आता उताऱ्यांचं. मुलं चुकतात ती इंग्रजी येत नाही म्हणून नाही, आपली मुलं तर वाचतात भरपूर. चुकतात ती पर्यायांत. चारातले दोन पर्याय सरळ चूक असतात, ते कुणालाही कळतात. उरलेल्या दोनांत एक असा असतो की त्यातलं वाक्य उताऱ्याच्या दृष्टीने खरं असतं पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं. उदाहरण देते. समजा उतारा असा आहे की एक म्हातारा रोज बंद पडलेल्या स्टेशनवर जाऊन बाकावर बसतो, घड्याळाला चावी देतो आणि परत येतो. प्रश्न: मध्यवर्ती कल्पना काय? एक पर्याय म्हणतो "स्टेशन बरीच वर्षं बंद आहे". खरं आहे, उताऱ्यात लिहिलंय. हुशार मूल तिथेच बोट ठेवतं, कारण ते त्याला समोर दिसतं. दुसरा म्हणतो "सवय माणसाला हरवलेल्या काळाशी बांधून ठेवते". हे कुठेच लिहिलेलं नाही, पण घड्याळ, बाक, रोजची फेरी, सगळे तपशील तिकडेच जातात. उत्तर ते.

म्हणून उद्या तिला एकच उतारा द्या. एकच, पाच नको. राज्याच्या शिक्षण खात्याच्या साइटवर ईओसीचे जुने खुले केलेले प्रश्न मिळतात, तेच घ्या, बाहेरचे कशाला. आधी प्रश्न न बघता उतारा वाचू दे, प्रत्येक परिच्छेदाला कच्च्या कागदावर पाच-सहा शब्द लिहू दे, मग प्रश्न. आणि उत्तरं तपासताना बरोबर किती हे मोजू नका. प्रत्येक उत्तराला विचारा, कुठल्या ओळीवरून? तिने ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर उत्तर बरोबर असलं तरी ते नशिबाने आलंय. याला तुम्हाला शेक्सपियर यायची गरज नाही, तुम्ही फक्त "दाखव" म्हणायचं.

---

अबोली_के | गुरुवार, रात्री ९:३५

काजवा ताई, काय बोलू. चार दिवस मी चुकीच्या गोष्टीसाठी तिच्या मागे लागले होते. मेल तिने आत्ताच टाकली.

---

सोनचाफा | गुरुवार, रात्री १०:०२

काजवा, तुमचं सगळं पटलं, फक्त एका गोष्टीवर मला वेगळं वाटतं. परीक्षेत नाही म्हणून नाटक अर्धं सोडायचं हे माझ्या जिवाला लागतं. तीन अंक वाचलेत म्हणजे मॅकबेथच्या हातून राजाचा खून झालाय, त्याने मारवलेल्या मित्राचं, बँकोचं भूत जेवणाच्या टेबलावर येऊन बसलंय, आणि इथे थांबायचं? पुढे या दोघा नवराबायकोचं काय होतं ते तर सगळं राहिलं. एरवी कधी मिळणारे का हिला शाळेच्या दिवसात अख्खी दुपार मोकळी?

---

काजवा | गुरुवार, रात्री १०:२५

सोनचाफा, सोडा असं मला म्हणायचंच नव्हतं, तुम्ही बोललात ते बरं झालं. वाचायचं तर असं वाचा. चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश, चेटकिणींचा, तो पूर्ण. तिथे तीन आकृती येऊन तीन गोष्टी सांगतात आणि पुढचं सगळं त्या तीनवर उभं आहे. चौथ्याचा तिसरा प्रवेश फार लांब आहे, त्याचा पहिला अर्धा भाग, खून झालेल्या राजाचा मुलगा माल्कम मॅकडफ या सरदाराची परीक्षा बघतो तो, सारांशात वाचला तरी चालेल, पण मॅकडफला बायकोमुलांच्या खुनाची बातमी कळते ते पान मात्र सोडू नका. मग पाचव्याचा पहिला, पाचवा आणि आठवा. वेळ उरला तर बाकीचे, पाचव्या अंकातले प्रवेश छोटे छोटे आहेत.

आणि निबंधासाठी सगळं नाटक डोक्यात ठेवायची गरज नसते, एक धागा पकडायचा. हात आणि पाणी घ्या. दुसऱ्या अंकात खून करून आल्यावर मॅकबेथला वाटतं की समुद्र ओतला तरी हे हात धुतले जाणार नाहीत, आणि त्याची बायको म्हणते थोड्याशा पाण्याने काम होईल. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात तीच बाई झोपेत चालत येते आणि हात चोळत राहते, डाग जात नाही. दोन जागा झाल्या, मधलं अंतर म्हणजे तुमचा निबंध. पहिल्या वाक्यात म्हणणं, मग एक जागा, ती जागा काय दाखवते ते, मग दुसरी. मुलं अवतरण देतात आणि पुढे उडी मारतात, "ते काय दाखवते" हे दोन ओळींत लिहायचं राहून जातं, आणि मार्क तर तिथेच असतात.

---

फळा_खडू | शुक्रवार, सकाळी ६:५०

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, चौतीस वर्षे हायस्कूलला मराठी-संस्कृत शिकवले. सध्या मुलाकडे रालेला आलो आहे, इथेही आज शाळा बंदच, नातू समोर बसला आहे. त्याचेही हेच नाटक चालू असल्याने गेले तीन दिवस आम्ही दोघे मिळून वाचतो आहोत, त्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटली.

नातवाला आयम्बिक पेंटामीटर, म्हणजे या नाटकातल्या ओळींचे वृत्त, पाठ होते पण ऐकू येत नव्हते. मी त्याला म्हटले, आपल्याकडे लगा, म्हणजे एक लघु आणि एक गुरु अक्षर, असे आठ वेळा आले की पंचचामर वृत्त होते, शिवतांडव स्तोत्राची चाल. ती त्याला लहानपणापासून माहीत आहे. तीच चाल आठाऐवजी पाचांवर थांबव. मात्र आपण अक्षर लघु की गुरु ते बघतो, इंग्रजीत अक्षरावर जोर आहे की नाही ते बघतात, एवढा फरक लक्षात ठेव. त्याने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि वाचू लागला, तिसऱ्या ओळीला त्याला लागले. मग मी विचारले, चेटकिणींच्या ओळीला हाच ठेका बसतो का बघ. बसेना. त्या उलट्या चालतात, गाल गाल गाल गा, आणि चारच ठोके. माणसे लगाने बोलतात, चेटकिणी गालने. हे त्याने स्वतः शोधले, मी सांगितले नाही.

आणि काजवा यांनी ज्या झोपेत चालण्याच्या प्रवेशाचा उल्लेख केला तिथे आम्ही पोचलो तेव्हा बोटे थांबलीच. ठेका लागेना. कारण तिथे ती बाई गद्यात बोलते. आतापर्यंत वृत्तात बोलणारी राणी, आणि मन मोडल्यावर तिचे वृत्तही मोडते. मी इतकी वर्षे वृत्ते शिकवली, पण वृत्त नसण्याचा असा उपयोग पाहून मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो.

---

काजवा | शुक्रवार, सकाळी ८:१५

काका, नमस्कार करते तुम्हाला. लगा-गाल हे मी शाळा उघडली की वर्गात माझ्या देशी मुलांना सांगणार. अबोलीताई, लेकीने हे एकच निरीक्षण स्वतःच्या शब्दांत निबंधात लिहिलं तर टीचर दोनदा वाचतील.

---

अबोली_के | शुक्रवार, दुपारी १:४०

आज पाचवा दिवस. सकाळी लाइट गेली, रात्रीच्या फ्रीझिंग रेनने मागच्या पाइनची फांदी तुटून तारेवर पडली. इंटरनेट नाही, फोनच्या डेटावर लिहितेय. उतारे काल रात्रीच छापून ठेवले होते म्हणून बरं.

एक उतारा केला. बारा प्रश्नांत नऊ बरोबर. मग तुम्ही सांगितलं तसं "दाखव" म्हटलं. नऊपैकी दोन तिला दाखवता आले नाहीत, आणि चुकलेल्या तिनांत एक असा निघाला की तिने बरोबर ओळीवर बोट ठेवलं आणि तिचीच ती म्हणाली, अगं आई मी इथे "मोस्ट" शब्द वाचलाच नाही. पर्याय दोन्ही खरे होते, जास्त खरा कुठला ते विचारलेलं होतं. सव्वा तास गेला एका उताऱ्यात पण एकदाही रडली नाही. काका, तुमची पोस्ट तिला मोठ्याने वाचून दाखवली, आता खिडकीपाशी उजेडाला बसून पाचवा अंक उघडलाय आणि मधूनमधून गुडघ्यावर ठेका ऐकू येतोय.

---

उंबर_२१ | शुक्रवार, दुपारी ३:०५

मावशी, मी कॉलेजला आहे, चार वर्षांपूर्वी अशाच स्नोनंतर ईओसी दिली होती. दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे झोप. त्या आठवड्यात मी रात्री दोनला झोपून अकराला उठत होते, शाळा सुरू झाल्यावर सकाळी परीक्षेत दुसऱ्याच उताऱ्याला डोळे मिटायला लागले, ओळ तीन तीनदा वाचली. तेव्हा वीकेंडपासून तिला शाळेच्या वेळेलाच उठवा आणि उतारा सकाळीच सोडवू द्या, ज्या वेळी परीक्षा असते त्या वेळी. दुसरं, नाटक नुसतं डोळ्यांनी वाचायला लावू नका. लायब्ररीच्या ॲपवर ऑडिओ मिळतं फुकट, लाइट आली की ते लावून पुस्तकात बोट फिरवत ऐकू दे. मला नटाच्या आवाजातूनच कळायचं की हे वाक्य रागाचं आहे का भीतीचं, नाहीतर अर्धी पानं मी नोट्स बघत बसायचे आणि नाटक हातातून निसटायचं.

आणि मावशी, मैत्रिणींच्या ग्रुप चॅटपासून जरा लांब ठेवा. आमच्या वेळी कोणीतरी लिहिलं होतं की परीक्षा रद्द झाली, अर्ध्या वर्गाने पुस्तकं मिटली.

---

अबोली_के | शुक्रवार, दुपारी ३:२०

हो गं बाई, हे ग्रुप चॅटचं अगदी बरोबर. काल तिथे कोणीतरी ईओसी उद्याच ऑनलाइन घरून घेणार असं टाकलं होतं, तेव्हापासून हिचं जेवणावर लक्ष नव्हतं.

---

अबोली_के | मंगळवार, रात्री ८:५०

उशिराने लिहितेय, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. लाइट शनिवारी दुपारी आली. काल दोन तास उशिरा का होईना पण शाळा भरली. टीचरचं उत्तर तर शुक्रवारी रात्रीच आलं होतं: निबंध होणार, पण विषय पहिल्या तीन अंकांपुरता, ज्याला पुढचं वापरायचं असेल त्याने वापरावं. ईओसी आता पुढच्या सोमवारी.

आज निबंध झाला. तिने हात आणि पाणीच घेतलं. घरी आल्यावर दप्तर न काढताच सांगायला लागली की तिने शेवटच्या परिच्छेदात लिहिलं, लेडी मॅकबेथला पाण्याने हात धुता आले नाहीत आणि शेवटी तिला ओळीसुद्धा सांभाळता आल्या नाहीत, वाक्यं नुसती सांडत गेली. "सांडत गेली" हे तिने मला मराठीत सांगितलं, इंग्रजीत काय लिहिलं ते म्हणे पेपर परत मिळाल्यावर दाखवीन.

काका, तिने विचारलंय की तुमच्या नातवाला मॅकडफच्या पानावर पण काही सापडलं का. उद्या सकाळी साडेसातला तिसरा उतारा आहे, कविता. काजवा ताई, कवितेला परिच्छेद नसतात, मग कच्च्या कागदावर काय लिहायचं, प्रत्येक कडव्याला का?

---

काजवा | मंगळवार, रात्री ९:२०

कडव्याला लिहा, हो. आणि जिथे कवितेचा सूर वळतो, एखादं "पण" येतं, काळ बदलतो, "मी"चं "आपण" होतं, तिथे एक रेघ मारू दे. प्रश्न बहुतेक त्या रेघेच्या आसपासच असतात.